करड्या ब्लाउजपीसचा घोळ

लक्ष्मी रोडवरच्या मॅचिंगच्या दुकानात वहिनीबरोबर तासभर बसलो होतो. एकाच ताग्यातले दोन करडे तुकडे. एक काळ्या साडीवर ठेवलेला, दुसरा मोतिया रंगाच्या. काळ्यावरचा उजळ दिसत होता, मोतियावरचा मळकट. "बाहेर उजेडात नेऊन बघा," दुकानदार वैतागून म्हणाला. बाहेरही तेच.

ही करामत बरीचशी डोळ्याच्या पडद्याची, म्हणजे रेटिनाची. (थोडी मेंदूचीही, पण ते प्रकरण लांबलचक आहे.) पडद्याची जाडी अर्धा मिलिमीटरही नाही, पण त्यात चेतापेशींचं अख्खं जाळं आहे. शाळेत आपण त्याला कॅमेऱ्याची फिल्म म्हणायचो. फिल्म बिचारी फक्त उजेड टिपते, हिशेब करत नाही.

गंमत सुरुवातीलाच आहे. प्रकाश टिपणाऱ्या पेशी अंधारातच जास्त बडबडतात! ग्लुटामेट नावाचं रसायन त्या सतत सोडत असतात आणि उजेड पडला की हात आखडता घेतात. पुढच्या बायपोलर पेशी दोन तऱ्हेच्या. एकीला ग्लुटामेट दाबून ठेवतं. ते घटलं की ती उसळून 'उजेड आला' म्हणते. दुसरीला तेच रसायन चेतवतं, म्हणून ती अंधाराची वर्दी देते. निरोप एकच, पण तो घेणारे रेणू वेगळे, त्यामुळे अर्थ उलटे.

ब्लाउजपीसचा घोळ घालतात त्या आडव्या पसरलेल्या हॉरिझॉन्टल पेशी. आजूबाजूला झगझगीत असेल तर त्या मधल्या पेशीचा संदेश दाबतात. म्हणून मोतियावरचा करडा काळवंडतो. शेजाऱ्याला दाबण्याची ही रीत हार्टलाइन या शास्त्रज्ञांनी हॉर्सशू क्रॅब या समुद्री जिवाच्या डोळ्यात शोधली. 1967 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. मांजराच्या पडद्यातही एकेक पेशी जो छोटा टापू बघते त्याचा मध्य आणि कडा एकमेकांविरुद्ध काम करतात, हे शास्त्रज्ञ कुफलर यांनी 1953 मध्ये दाखवलं.

एवढी काटछाट हवीच. एका डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या: सुमारे 12 कोटी दंडपेशी आणि 60 लाख शंकूपेशी, पण मेंदूकडे जाणारे तंतू जेमतेम 10-12 लाख. सगळं जसंच्या तसं पाठवणार कसं? मग पाठवायचा तो फरक. फक्त पडद्याच्या मधोमध, जिथे आपण सुईत दोरा ओवताना नजर रोखतो, तिथे जवळपास प्रत्येक शंकूपेशीला स्वतःची वाट मिळते.

मी बिलाच्या कागदाला दोन भोकं पाडून वहिनीला दाखवलं: साड्या झाकल्या की दोन्ही तुकडे अगदी सारखे.

"अहो भाऊजी," ती म्हणाली, "लग्नात लोक काय भोकातून बघणार आहेत?"