‘तीव्र’ म्हणजे नेमके किती?

कुपोषित मुलाला दवाखान्यात आणल्यावर काय खाऊ घालायचे, याचा सर्वमान्य क्रम जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या मार्गदर्शिकेनंतर रुळला. त्याआधी अशा शंभरांतली वीस-तीस मुले दगावत. सुरुवातीलाच भरपूर प्रथिने आणि घाईने सलाइन, हेच पुष्कळदा जिवावर बेते. नवा क्रम सावध होता: आधी दर दोन तासांनी थोडे ‘एफ-75’ हे उपचारी दूध (100 मिलिलिटरला 75 कॅलरी), भूक परतली की त्याहून सकस ‘एफ-100’. आपल्याकडे ते दूध, साखर, तेल आणि मुरमुऱ्यांची पूड यांतून वॉर्डातच बनवता येते.

महाराष्ट्रात या विषयाला तोंड फुटले ते 1992-93 मध्ये, जव्हारच्या वावर-वांगणी आणि मेळघाटातल्या बालमृत्यूंनी. त्या काळी भाषा होती ‘ग्रेड’ची. वयाच्या मानाने वजन किती टक्के, त्यावर पहिली ते चौथी श्रेणी. अंगणवाडीत ‘ग्रेड तीन-चारचं पोर’ म्हटले की सगळ्यांना कळे. मुलांच्या वाढीच्या 2006 च्या जागतिक मानकांनंतर ग्रेड गेली, ‘सॅम-मॅम’ (‘सिव्हिअर’ आणि ‘मॉडरेट अक्यूट मालन्यूट्रिशन’) आले आणि खरा गुंता इथून सुरू झाला.

सॅममधल्या ‘सिव्हिअर’ आणि ‘अक्यूट’ या दोन्ही शब्दांना मराठीत आपण ‘तीव्र’च म्हणतो. पहिला किती ते सांगतो, दुसरा अलीकडे रोडावल्याचे. शिवाय वयाच्या मानाने फार हलके मूल ‘तीव्र कमी वजनाचे’, आणि उंचीच्या मानाने फार हलके, किंवा दंडघेर 115 मिलिमीटरपेक्षा कमी असलेले, ते ‘तीव्र कुपोषित’. खुरटलेले मूल अनेकदा पहिल्या यादीत असते, दुसऱ्यात नसू शकते. मग आईला सांगितले जाते की दाखल करण्याजोगे नाही. गावात ज्याला तीव्र म्हटले, तेच तालुक्याला ठीक कसे, हे तिला कोण समजावणार? बातम्यांतही या दोन याद्यांची बेरीज होते, आणि आकडा कमी-जास्त झाला की कुपोषण घटले-वाढले म्हणून वाद. माझ्या मते निम्मे वाद या एका विशेषणाचे आहेत.

गुंतागुंत नसलेल्या, भूक शाबूत असलेल्या मुलाला दाखल न करता गावातच उपचार द्यावेत, हा विचार 2007 पासून बळावला. त्यातून उपचार-आहार म्हणून पाकिटातून दिल्या जाणाऱ्या शेंगदाण्याच्या तयार लगद्याचा वाद उभा राहिला, तो वेगळाच.

दाखल होणाऱ्यांचा मुक्काम साधारण 14 दिवसांचा. आईला बुडीत मजुरी मिळते. पण घरी दुसरी पोरे असतात, आणि कापणी थांबत नाही.