दीर्घिकांचे आकारानुसार वर्गीकरण

गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेल्या तारे, वायू आणि धूळ यांच्या प्रचंड समूहाला दीर्घिका म्हणतात. दुर्बिणीतून किंवा छायाचित्रात ती कशी दिसते, एवढ्याच आधारावर तिचा प्रकार ठरवणे म्हणजे आकारानुसार वर्गीकरण. बोलताना सगळ्यांनाच 'आकाशगंगा' म्हणायची सवय आहे, पण ते आपल्या स्वतःच्या दीर्घिकेचे नाव. संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट तळे. गंमत अशी, की लांबट दिसणाऱ्या कितीतरी दीर्घिका प्रत्यक्षात गोल तबकड्या असतात, फक्त आपल्याकडे कलत्या असतात.

मुंबईच्या उजळलेल्या आकाशातून नुसत्या डोळ्यांना एकही दीर्घिका दिसत नाही. त्यासाठी शहरातले हौशी निरीक्षक कर्जत मार्गावरच्या वांगणीला जातात. खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शन तिथे होत आले आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला रात्री आठच्या सुमारास देवयानी दीर्घिका डोक्यावर, किंचित उत्तरेला असते. छोट्या दुर्बिणीत ती धुरकट, लांबट डागासारखी दिसते आणि तिच्या कडेला एम-32 या सोबतीण दीर्घिकेचा इवलासा गोलसर ठिपका ('एम' म्हणजे मेसिए यांची यादी, पुढे तिच्यातला क्रमांक). रांगेत ताटकळलेला माणूस डोळा लावतो आणि बहुधा 'एवढंच?' म्हणतो. त्या 'एवढंच'मध्ये वर्गीकरणाचे दोन मुख्य प्रकार शेजारी शेजारी असतात: डाग सर्पिल, म्हणजे केंद्राभोवती वळत जाणाऱ्या भुजांचा; ठिपका लंबवर्तुळाकार, म्हणजे भुजा नसलेला, गोल किंवा अंडाकृती. देवयानीच्या भुजा मात्र तिथे दिसत नाहीत, त्या फोटोतच बघाव्या लागतात.

कुठल्याही दीर्घिकेच्या भुजा पहिल्यांदा दिसल्या 1845 मध्ये. आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांनी 72 इंची आरशाच्या दुर्बिणीतून एम-51 चे भोवऱ्यासारखे रूप पाहिले आणि हाताने चितारले. असे ढग आपल्याच आकाशगंगेतले की बाहेरचे, हा वाद त्यानंतरही बराच काळ चालला. 1923 मध्ये अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांना माउंट विल्सनच्या 100 इंची दुर्बिणीने देवयानीत एक सेफिड रूपविकारी तारा सापडला. अशा ताऱ्याचे तेज ठरावीक काळाने कमी-जास्त होते आणि त्या काळावरून त्याचे खरे तेज कळते. त्यावरून अंतर काढता आले आणि वाद मिटला. आजच्या मोजणीनुसार देवयानी सुमारे 25 लाख प्रकाशवर्षे दूर आहे. हबल यांनी आपले वर्गीकरण 1926 मध्ये प्रसिद्ध केले आणि 1936 मध्ये ते नादकाट्याच्या (दोन फाट्यांच्या ट्यूनिंग फोर्कच्या) आकृतीत मांडले.

नादकाट्याच्या दांड्यावर लंबवर्तुळाकार दीर्घिका येतात. त्यांना चपटेपणानुसार 0 ते 7 क्रमांक मिळतो. हिशेब सोपा आहे: लांब अक्ष 10 मानायचा आणि आखूड अक्ष त्यातून वजा करायचा. आखूड अक्ष 6 भरला तर क्रमांक 4. कन्या या दीर्घिकासमूहातली एम-87 जवळजवळ गोल आहे, एम-32 चा क्रमांक 2 आणि देवयानीच्याच दुसऱ्या सोबतिणीचा, एम-110 चा, 5. पुढे काट्याला दोन शाखा फुटतात: एकीवर साध्या सर्पिल, दुसरीवर केंद्रातून ताऱ्यांचा सरळ दांडा गेलेल्या दंडसर्पिल. प्रत्येक शाखेवर अ, ब, क असे उपप्रकार आहेत. 'अ'मध्ये मधला फुगवटा मोठा आणि भुजा घट्ट गुंडाळलेल्या, 'क'मध्ये फुगवटा लहान आणि भुजा सैल. शाखा जिथे फुटतात तिथे भिंगाकार दीर्घिका बसतात: तबकडी आहे, भुजा नाहीत. कशातच न बसणाऱ्या त्या अनियमित. (मूळ संकेतात दंडासाठी 'बी' हे मोठे अक्षर आणि उपप्रकारासाठी तेच लहान अक्षर येते. देवनागरीत लहान-मोठी अक्षरेच नसल्याने दोन्ही 'एसबी' होतात आणि वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो, म्हणून इथे अ-ब-क वापरले आहे.)

हबल यांनी काट्याच्या डाव्या, म्हणजे दांड्याकडच्या, बाजूच्या दीर्घिकांना 'आधीच्या' आणि उजवीकडच्यांना 'नंतरच्या' म्हटले. त्यावरून लंबवर्तुळाकार दीर्घिकेचीच पुढे सर्पिल होते असा समज पसरला. तो चुकीचा आहे. उलट दोन सर्पिल दीर्घिका एकमेकींवर आदळून लंबवर्तुळाकार दीर्घिका तयार होऊ शकते. शब्द मात्र खगोलशास्त्रज्ञांच्या तोंडी अजून तेच आहेत. चर्चगेटचे गेट किल्ल्याच्या तटाबरोबर गेले, स्टेशनचे नाव राहिले, तसेच हे.

क्रमांकांतही गोम आहे. तो दीर्घिकेच्या खऱ्या आकाराचा नसून आपल्याला दिसणाऱ्या आकाराचा असतो. भाकरी समोरून गोल दिसते, कडेने पाहिली तर नुसती रेघ. त्यामुळे गोल दिसणारी दीर्घिका खरोखर चेंडूसारखी असेल किंवा चपटी असून आपल्याकडे तोंड करून असेल. फोटोवरून ते सांगता येत नाही, ताऱ्यांच्या गती मोजाव्या लागतात. प्रकाश बदलला तरी रूप बदलते. एम-82 वर्षानुवर्षे अनियमितांत मोडत होती. 2005 मध्ये अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या पण धुळीतून पार येणाऱ्या प्रकाशात धुळीमागच्या तिच्या भुजा दिसल्या.

खगोलशास्त्रज्ञ जेरार द व्होकुलर यांनी 1959 मध्ये कप्प्यांऐवजी सलग श्रेणी सुचवली. साध्या आणि दंडसर्पिल यांच्यामध्ये मिश्र प्रकार आला, वलयांची नोंद होऊ लागली आणि 'क'च्या पुढे मॅगेलनी मेघांसारख्या विस्कळीत दीर्घिकांच्या प्रकारापर्यंत शेपूट वाढले. आपली आकाशगंगा आज दंडसर्पिल मानतात, ब आणि क यांच्या मधली.

निव्वळ रूपावरची ही विभागणी टिकली, कारण रूपामागे बरेच काही दडलेले आहे. लंबवर्तुळाकार दीर्घिकांत तारे जुने आणि तांबूस, थंड वायू कमी. सर्पिलांच्या भुजांत वायू भरपूर, म्हणून नवे निळे तारे जन्मत असतात. दीर्घिकांच्या दाट वस्तीत लंबवर्तुळाकार आणि भिंगाकार जास्त, विरळ भागात सर्पिल जास्त, हे ॲलन ड्रेसलर यांनी 1980 मध्ये दाखवले.

पण डोळ्याला खोडी असतात. जुलै 2007 मध्ये सुरू झालेल्या 'गॅलक्सी झू' या उपक्रमात एक लाखाहून अधिक स्वयंसेवकांनी सुमारे नऊ लाख दीर्घिकांची छायाचित्रे वर्गीकृत केली. त्यांत घड्याळाच्या उलट दिशेने वळलेल्या सर्पिल जास्त निघाल्या. मग काही चित्रे आरशातल्यासारखी उलटवून दाखवली, तरीही उलट दिशाच जास्त निघाली. दोष दीर्घिकांचा नव्हता.

पुढे मुंबईच्या कालिना परिसरातल्या मूलभूत विज्ञान केंद्रात आलेले आनंद होता यांनी 2011 मध्ये सहकाऱ्यांसह 'स्पेका' दीर्घिकेचा अभ्यास प्रसिद्ध केला. लाखो प्रकाशवर्षे पसरलेले, रेडिओ लहरी सोडणारे फुगे सहसा लंबवर्तुळाकार दीर्घिकांभोवती आढळतात. स्पेका निघाली सर्पिल. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाच भाग असलेल्या पुण्यातल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने 2025 मध्ये जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या छायाचित्रांत दोन ठसठशीत भुजांची दीर्घिका ओळखली. विश्व अवघे दीडशे कोटी वर्षांचे असतानाची ही सर्पिल. तिचे नाव ठेवले अलकनंदा: हिमालयात ती मंदाकिनीची बहीण, आणि मंदाकिनी हे आपल्या आकाशगंगेचेही नाव.