अक्षीय सांगाड्याचा अभ्यास

कवटी, पाठीचा कणा आणि छातीचा पिंजरा मिळून माणसाचा अक्षीय सांगाडा होतो. प्रौढाच्या २०६ हाडांपैकी ८० यात येतात: कवटीची २२, दोन्ही कानांतली मिळून ६, गळ्यातले कंठास्थी १, कण्याची २६, बरगड्या २४ आणि उरोस्थी (छातीच्या मधले हाड) १. ही हाडे सुटी, हातात घेऊनच शिकावी लागतात. आकृतीत हाड आधीच योग्य दिशेने काढलेले असते. टेबलावर पडलेल्या हाडाची दिशा आपल्याला ठरवावी लागते, आणि ती चुकली की बाजू, क्रमांक, स्नायूंच्या जागा असे पुढचे सगळेच चुकते. प्रत्यक्ष हाड पाहण्याचे मोल इतिहासानेही दाखवले आहे. प्राचीन रोमन काळातला वैद्य गेलेन याच्या वर्णनात खालचा जबडा दोन हाडांचा आणि उरोस्थी सात तुकड्यांची होती, कारण ते वर्णन मुख्यतः प्राण्यांच्या विच्छेदनावर आधारलेले होते. जबडा एकसंध आणि उरोस्थी तीन भागांची असल्याचे शरीररचनाशास्त्रज्ञ वेसॅलियसने १५४३ मध्ये मांडले.

कवटी : दोन्ही हातांनी खालून आधार देऊन उचलावी आणि मऊ रिंगवर ठेवावी. डोळ्यांच्या खोबणीत बोटे घालून ती कधीच उचलू नये. खोबणीची आतली भिंत कागदासारखी पातळ असते आणि एकदा फुटली की ती नीट जोडता येत नाही. कानाखालचा टोकदार स्टायलॉइड प्रवर्धही (प्रवर्ध म्हणजे हाडाचा बाहेर आलेला भाग) असाच मोडतो. जुन्या कवट्यांत बहुधा त्याचा बुंधाच उरलेला दिसतो. यानंतर डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या छिद्राची वरची कड एका आडव्या पातळीत आणावी. हेच फ्रँकफर्ट प्रतल.

चेहऱ्याची १४ हाडे लवकर ओळखू येतात. वेळ द्यायचा तो कवटीच्या तळाला. तिथली छिद्रे नुसती पाठ करू नयेत. प्रत्येकातून ब्रशचा एक केस ओवून तो आत कुठे निघतो ते पाहावे. फोरामेन (छिद्र) ओव्हेल आणि त्यामागचे बारीक स्पायनोसम आतून व बाहेरून दोन्हीकडून दिसतात. रोटंडम मात्र खालून शोधून सापडत नाही, कारण ते तळाशी न उघडता पुढे, वरच्या जबड्यामागच्या खोल फटीत उघडते. लॅसेरमचे मोठे, ओबडधोबड भोक कोरड्या हाडातच दिसते. जिवंतपणी ते खालून कूर्चेने बुजलेले असते आणि आतली कॅरोटिड धमनी त्याच्या वरून जाते, आरपार नाही. स्पायनोसममधून शिरणाऱ्या मेनिंजियल (मेंदूच्या आवरणाच्या) धमनीची खाच आतल्या भिंतीवर बोटाने चाचपत वर न्यावी. ती टेरिऑनपाशी पोचते. ललाट, पार्श्विका, शंख आणि जतूक ही चार हाडे तिथे भेटतात आणि कवटी तिथे पातळ असते. कानशिलावरच्या माराने मेंदूच्या आवरणाबाहेर रक्तस्राव का होतो, हे या खाचेवरून स्पष्ट होते.

कणा : भ्रूणावस्थेत साधारण ३३ मणके असतात. पुढे त्रिकास्थीचे (कमरेखालच्या त्रिकोणी हाडाचे) पाच आणि माकडहाडाचे चार सांधले जाऊन मानेचे ७, पाठीचे १२, कमरेचे ५ आणि ही दोन जोडहाडे उरतात. गट ओळखायला दोनच प्रश्न पुरतात. आडव्या प्रवर्धात छिद्र आहे? मग मणका मानेचा. छिद्र नाही, पण बरगडीसाठी गुळगुळीत फॅसेट (सांध्याची जागा) आहे? मग पाठीचा. दोन्ही नसेल तर कमरेचा. केवळ आकारमानावर विसंबणारा विद्यार्थी बाराव्या पाठीच्या मणक्याला हमखास कमरेचा म्हणतो, कारण त्याचे खालचे सांधे खरोखरच कमरेच्या धर्तीचे असतात.

वर-खाली ठरवायला मणका बाजूने पाहावा: खालची खाच वरच्या खाचेपेक्षा खोल असते. पाठीच्या मणक्यांत मागचा कंटकही (काट्यासारखा प्रवर्ध) खाली झुकलेला असतो. पहिल्या मानेच्या मणक्याला, म्हणजे अ‍ॅटलासला, कायाच (मणक्याचा पुढचा जाड भाग) नसते. दुसऱ्याचा दातासारखा वर आलेला प्रवर्ध त्याच्या कड्यात बसतो आणि मान त्याभोवती फिरते. पाचवा कमरेचा मणका कधीकधी त्रिकास्थीला चिकटलेला असतो, किंवा त्रिकास्थीचा पहिला भाग सुटा राहतो. अशा वेळी खालून वर मोजले तर क्रमांक एकाने चुकतात, म्हणून मोजणी शक्य तेव्हा वरून करावी.

बरगड्या : डोके (कण्याकडचे टोक) मागे, बाहेरचा फुगवटा बाहेरच्या बाजूस आणि आतली खाच खालच्या कडेजवळ. या तीन खुणा जुळल्या की बाजू ठरते. बरगडी उलटी धरली तर उजवीची डावी होते. परीक्षेत सर्वांत जास्त चुका इथेच होतात. खाच झिजलेली असेल तर कडा चाचपाव्यात: वरची बोथट, खालची धारदार. पहिली बरगडी चपटी आणि सर्वांत वळलेली असते. तिच्या वरच्या पृष्ठावरील स्केलीन (मानेतल्या स्नायूच्या) उंचवट्याच्या पुढे सबक्लेव्हियन (हंसळीखालची) शीर आणि मागे धमनी जाते. बारावीला ना मागचा उंचवटा (मणक्याच्या आडव्या प्रवर्धावर टेकणारा), ना कोन (मागचे तीव्र वळण), ना खाच.

बरगडी आणि मणका जुळवून पाहिल्याशिवाय दोन्ही कळत नाहीत. सहाव्या बरगडीचे डोके सहाव्या मणक्याच्या वरच्या अर्ध्या फॅसेटवर आणि पाचव्याच्या खालच्या अर्ध्या फॅसेटवर टेकते. तिचा उंचवटा सहाव्याच्याच आडव्या प्रवर्धावर बसतो. म्हणजे मणक्याचा खालचा अर्धा फॅसेट नेहमी पुढच्या क्रमांकाच्या बरगडीचा. पहिली आणि शेवटच्या दोन बरगड्या फक्त आपल्याच मणक्याशी सांधतात. दहावीही बहुधा तशीच. जिवंत माणसात मोजणी उरोस्थीच्या कोनापासून (तिच्या वरच्या दोन भागांच्या जोडावरच्या आडव्या उंचवट्यापासून) सुरू करावी, कारण तिथे दुसरी बरगडी जोडलेली असते. पहिली हंसळीखाली दडल्याने हाताला नीट लागत नाही.

प्लास्टिकच्या प्रतिकृती गट ओळखण्याच्या सरावाला चांगल्या आहेत, पण साच्यात अर्धे फॅसेट आणि स्केलीन उंचवटा अनेकदा पुसट होतात. ते खऱ्या हाडावर एकदा तरी बोटाने शोधावेत.