एअर डक्ट की ड्रायर व्हेंट? कशाच्या सफाईला किती डॉलर मोजायचे

अमेरिकेत घर घेतलं की काही दिवसांतच फोन आणि पोस्टकार्डं सुरू होतात: ‘अख्ख्या घराचं व्हेंट क्लीनिंग, फक्त ९९ डॉलर’. यातला व्हेंट नक्की कोणता, हे मुद्दामच मोघम ठेवलेलं असतं. घरात हवेचे दोन अगदी वेगळे मार्ग असतात. एक हीटिंग-कूलिंगचा, म्हणजे एअर डक्टचा. फर्नेस किंवा एअर हँडलरमधून निघालेली हवा तो बेसमेंट, भिंती आणि अ‍ॅटिकमधून प्रत्येक खोलीत नेतो आणि रिटर्नच्या जाळीतून परत आणतो. दुसरा कपडे वाळवायच्या ड्रायरचा. ही चार इंच व्यासाची एकच नळी, आणि तिचं काम ड्रायरमधली गरम, ओलसर हवा घराबाहेर टाकणं. पहिल्याची सफाई महाग आणि बहुतेक घरांत अनावश्यक असते. दुसऱ्याची स्वस्त असते आणि वर्षातून एकदा करावीच लागते. लोक बरोबर उलटं करतात.

आधी महाग कामाचा हिशेब. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, डक्ट क्लीनिंगचा खर्च साधारण ४५० ते १,००० डॉलर सांगते, आणि तोही घरामागे नव्हे, एका हीटिंग-कूलिंग सिस्टिममागे. न्यू जर्सी किंवा टेक्ससमधल्या बऱ्याच दुमजली घरांत वरच्या मजल्याची सिस्टिम वेगळी असते. तिथे बिल जवळजवळ दुप्पट होतं, आणि ते लबाडीचं नसतं. रिटर्नच्या जाळ्या किती, डक्ट पत्र्याचे की लवचिक, अ‍ॅटिकमध्ये माणूस सरपटत जाऊ शकतो का, यावरही किंमत हलते.

एवढे पैसे कशाचे, हे काम पाहिलं की कळतं. मुख्य डक्टला भोक पाडून मोठा व्हॅक्यूम जोडतात. खोल्यांमधल्या जाळ्या झाकून आत उणा दाब तयार करतात, म्हणजे सुटलेली धूळ घरात न येता व्हॅक्यूमकडेच ओढली जाते. मग प्रत्येक शाखेत दाबाच्या हवेवर चालणारे चाबूक किंवा फिरते ब्रश घालून भिंतींना चिकटलेला थर सुटा करतात. ब्लोअर, कूलिंग कॉइल आणि पाणी गळायची ट्रे हीही त्याच कामात यायला हवीत, नाहीतर पंखा सुरू होताच ब्लोअरवरची धूळ स्वच्छ डक्टमध्ये जाते. शेवटी भोकावर पत्रा बसवून ते सील करतात. दोन माणसांना एका सिस्टिमला तीन-चार तास सहज लागतात.

९९ डॉलरवाला पाऊण तासात निघतो. जाळ्यांच्या तोंडाशी साधा व्हॅक्यूम फिरवतो आणि मग मोबाइलवर काळ्या डागाचा फोटो दाखवतो: ‘मोल्ड आहे, आजच फवारणी केली तर ८०० डॉलर.’ नुसत्या डोळ्यांना काळी धूळ आणि बुरशी यांतला फरक नेहमी कळत नाही. पारदर्शक चिकटपट्टीवर नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवला की सुमारे ५० डॉलरमध्ये खात्री होते. फवारणीलाही मर्यादा आहे: फायबरग्लासचे किंवा आतून फायबरग्लासचं अस्तर असलेले डक्ट असतील, तर त्यांच्यावर वापरायला ईपीएने कोणतंही जंतुनाशक मंजूर केलेलं नाही. तिथलं इन्सुलेशन भिजून बुरशी धरली असेल तर ते साफ होत नाही, बदलावंच लागतं. आणि ओल कुठून आली ते शोधलं नाही तर बुरशी परत येते.

मग डक्ट क्लीनिंग करायचं तरी कधी? आत बुरशी स्पष्ट दिसते, उंदीर-किडे शिरलेत, किंवा जाळीतून धूळ अक्षरशः खोलीत उडते, या तीन वेळी. नूतनीकरणात ड्रायवॉल घासताना रिटर्नची जाळी झाकली नसेल, तर तेही योग्य कारण आहे. ‘तीन वर्षं झाली’ हे कारण नाही. डक्ट साफ केल्याने आजार टळतात असं आजवर सिद्ध झालेलं नाही, हे ईपीए स्पष्ट लिहिते.

धुळीचा खरा बंदोबस्त फिल्टरपाशी होतो. एक इंची फिल्टर एक ते तीन महिन्यांत बदलायचा, बाण ब्लोअरच्या दिशेने ठेवायचा आणि फिल्टरच्या कडेने फट राहू द्यायची नाही. फिल्टर किती बारीक धूळ अडवतो त्याचं माप म्हणजे मर्व्ह. मर्व्ह ८ ते ११ बहुतेक सिस्टिमना झेपतो. एक इंचात मर्व्ह १३ घातला की काही जुन्या ब्लोअरना हवा ओढायला जड जाते. अ‍ॅटिकमधला रिटर्न सांध्यांतून गळत असेल तर तिथली धूळ रोज आत येते. अशा घरात सफाईपेक्षा सांधे मॅस्टिकने, म्हणजे डक्टसाठीच्या चिकट लेपाने, बुजवण्यावर पैसे घालावेत. फोडणीच्या वासाचंही तेच. चुलीवरचा मायक्रोवेव्ह-हूड हवा बाहेर न टाकता परत स्वयंपाकघरातच फेकत असेल, तर डक्ट कितीही धुतले तरी मोहरी-हिंग दिवाणखान्यात पोचणारच.

आता ड्रायर. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० च्या नोंदींवरून काढलेला अंदाज असा: कपडे वाळवायच्या ड्रायरमुळे घरांत वर्षाला सुमारे २,९०० आगी लागतात, आणि साफसफाई न करणं हे त्यातलं सगळ्यात मोठं कारण, ३४ टक्के. लिंट म्हणजे कपड्यांचे बारीक धागे, कोरडे आणि चटकन पेटणारे. ड्रायरमधल्या जाळीतून निसटलेले धागे नळीच्या कोपऱ्यांत ओलसर हवेबरोबर चिकटतात, नळी अरुंद होते, उष्णता मागे साचते. गॅसवरचा ड्रायर असेल तर जळलेला वायू, कार्बन मोनॉक्साइडसकट, घरात फिरू शकतो.

लक्षणं ओळखायला सोपी आहेत. टॉवेल एका फेरीत वाळत नाहीत, ड्रायरचा वरचा पत्रा हात टेकवत नाही इतका तापतो, कपडे धुण्याची खोली दमट होते, आणि ड्रायर चालू असताना बाहेरच्या भिंतीवरची झडप उघडतच नाही.

या सफाईला सहसा १०० ते २०० डॉलर पडतात. नळी छतातून बाहेर पडत असेल तर शिडी आणि जोखीम धरून २५० ते ३०० पर्यंतही जातात. काम तासाभराचं. नळी छोटी आणि जमिनीलगत बाहेर पडणारी असेल तर ते घरीही करता येतं: ड्रिलला जोडायचा ब्रश आणि लवचिक दांड्यांचा संच ४० डॉलरच्या आत मिळतो. आधी प्लग काढा, गॅस असेल तर व्हॉल्व्ह बंद करा. ड्रायर अलगद पुढे ओढा, मागचा क्लॅम्प सैल करा. ड्रिल फक्त घड्याळाच्या दिशेने फिरवा. उलट फिरवलात तर दांड्यांचे आटे सुटतात आणि ब्रश भिंतीत अडकून बसतो, मग ड्रायवॉल फोडायची वेळ येते. दांड्यांच्या सांध्यांवर टेप गुंडाळणं बरं. ब्रश घालायचा तो कडक धातूच्या नळीतच. ड्रायरमागचा पातळ फॉइलचा पाइप त्याने फाटतो. तो फॉइलचा किंवा पांढरा प्लास्टिकचा असेल तर फेकून देऊन अर्धकडक अ‍ॅल्युमिनियमचा बसवा.

दर सहा महिन्यांनी नळी तुंबत असेल तर दोष बांधणीत असतो. बहुतेक राज्यांत लागू असलेल्या निवासी बांधकाम संहितेनुसार नळीची लांबी जास्तीत जास्त ३५ फूट, आणि ९० अंशाच्या प्रत्येक वळणाला त्यातून ५ फूट वजा. म्हणजे तीन वळणं असतील तर २० फूटच उरतात. उत्पादकाने आपल्या ड्रायरसाठी जास्त लांबी चालेल असं लिहून दिलं असेल तरच सूट. बाहेरच्या तोंडाला बारीक जाळी लावायची नाही, पक्षी येतात म्हणूनही नाही. तिच्यावर काही आठवड्यांत लिंटचा नमदा बसतो. सांधे जोडताना आत घुसणारे स्क्रू नकोत, त्यांच्या टोकांवर धागे अडकतात. फॉइल टेप वापरायची.

दोन्ही कामं एकाच भेटीत देणारे बरेच आहेत, आणि ड्रायरचं काम जोडून घेतलं तर ५०-७५ डॉलरमध्येही होतं. पण आधी लेखी दर मागा: किती सिस्टिम, सप्लाय आणि रिटर्न दोन्ही का, ब्लोअर-कॉइल धरलं आहे का, ड्रायरची नळी शेवटपर्यंत की फक्त मागचा पाइप. ‘प्रत्यक्ष पाहिल्यावर सांगतो’ असं म्हणणाऱ्याला पाहायला यायचे पैसे देऊ नका. टाउनहाउस किंवा कॉन्डोमध्ये राहत असाल तर फोन करण्याआधी घरमालकांच्या असोसिएशनचे नियम उघडून बघा: काही ठिकाणी ड्रायर व्हेंटची सफाई सक्तीची असते आणि पावती जमा करावी लागते, तर काही ठिकाणी असोसिएशन अख्ख्या इमारतीचं काम एकदम करून घेते आणि ते पैसे तुमच्या मासिक शुल्कात आधीच गेलेले असतात.