लेखाविद्यार्थ्यांचे संवाद-प्रशिक्षण (पुणे)

सनदी लेखापाल, म्हणजे सीए, होण्यासाठी शिकणाऱ्या मुलामुलींना हिशेब, कर आणि कायदा यांच्या जोडीने बोलणे, लिहिणे, ऐकून घेणे आणि माणसांशी वागणे यांचे जे शिक्षण मिळते, त्याविषयीची ही नोंद. या शिक्षणाचा एक भाग भारतीय सनदी लेखापाल संस्थेने (विद्यार्थ्यांच्या तोंडी नुसते ‘इन्स्टिट्यूट’) सक्तीचा केलेला आहे. दुसरा भाग आर्टिकलशिपमध्ये, म्हणजे सीएच्या फर्ममधल्या सक्तीच्या उमेदवारीत, बहुधा कुणी न शिकवताच, अंगी येतो. पुण्यात सोलापूर, सातारा, अहिल्यानगर, लातूरकडची मुले येऊन सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत आणि मेसवर वर्षे काढतात. इथल्या फर्मचे अशील चाकणच्या कारखान्यापासून मार्केट यार्डातल्या गूळ-भुसाराच्या गाळ्यापर्यंत पसरलेले असतात. त्यामुळे कागदावरचे प्रशिक्षण आणि प्रत्यक्षातली गरज यांतले अंतर या शहरात लवकर नजरेस येते.

‘सॉफ्ट स्किल्स’ हा शब्द कंपन्यांनी काढलेला नाही. १९७२ साली अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षण विभागाने भरवलेल्या परिषदेत, यंत्रांशी फारसा संबंध न येणारी कौशल्ये या अर्थाने त्याची चर्चा झाली. माणसांवर देखरेख करणे त्यात येत होते आणि अहवाल तयार करणेही येत होते. आज या शब्दाबरोबर टाय, हस्तांदोलन आणि इंग्रजी उच्चार एवढेच डोळ्यांपुढे येते. अहवाल मागे पडला. लेखापरीक्षकाचे तर सगळे काम शेवटी अहवालातच उतरते, म्हणून या व्यवसायापुरता तरी जुना अर्थ जास्त उपयोगाचा आहे.

सक्तीचा अभ्यासक्रम

इन्स्टिट्यूट १ जुलै १९४९ रोजी अस्तित्वात आली, पण वर्गात बसवून संवाद शिकवण्याची व्यवस्था त्या मानाने बरीच अलीकडची आहे. ‘जीएमसीएस’ म्हणजे व्यवस्थापन व संवादकौशल्याचा वर्ग, आणि त्याआधी नवख्यांसाठी ३५ तासांचे ओरिएंटेशन, ही नावे आता चाळिशीकडे झुकलेल्या सीएंना पाठ असतात. २०१७च्या अभ्यासक्रमापासून यांची नव्याने बांधणी होऊन दोन जोड्या झाल्या. आर्टिकलशिप सुरू होण्यापूर्वी माहिती तंत्रज्ञान आणि ओरिएंटेशन, आणि अंतिम परीक्षेला बसण्यापूर्वी प्रगत माहिती तंत्रज्ञान आणि ‘एमसीएस’ (व्यवस्थापन व संवादकौशल्य). प्रत्येक वर्ग साधारण पंधरा दिवसांचा असतो. पुण्यातल्या विद्यार्थ्यांसाठी या साऱ्याचे केंद्र म्हणजे बिबवेवाडीतली पुणे शाखेची इमारत. ज्याला अधिक हवे त्याच्यासाठी हैदराबादच्या केंद्रात चार आठवड्यांचा निवासी वर्गही असतो. कॉस्ट अकाउंटंट आणि कंपनी सेक्रेटरी यांच्या संस्थांचे स्वतंत्र वर्ग आहेत, त्यांचा साचा फारसा वेगळा नाही.

वर्गात काय चालते ते ठरलेले असते. पहिल्या दिवशी स्वतःची ओळख. ‘मायसेल्फ अमुक तमुक’ अशी सुरुवात करणारे निम्मे निघतात आणि शिकवणारा ती चूक दुरुस्त करतो. मग गटचर्चा, सादरीकरण, ई-मेल लिहिणे, वेळेचे नियोजन, मुलाखतीचा सराव. फॉर्मल कपडे सक्तीचे, हजेरीही सक्तीची. हजेरीविषयी विद्यार्थ्यांची कुरकुर जुनी आहे आणि ती अगदीच बिनबुडाची नाही. तीन-तीन महिने एकट्याने अभ्यास केलेल्या मुलाला संध्याकाळपर्यंत गटात बसवून ‘टीम बिल्डिंग’चे खेळ खेळायला लावले, तर तो घड्याळाकडे पाहणारच. तरीही मोफसलच्या मुलांना विचारले तर बहुतेकांची आठवण एकसारखी निघते. माइक हातात धरून पहिल्यांदा उभे राहिलो ते इथेच, असे ते सांगतात. शाळा-कॉलेजात स्नेहसंमेलनापलीकडे ती वेळ त्यांच्यावर आलेली नसते.

परीक्षेत या विषयाची जागा मात्र सरकत सरकत बाहेर गेली. जुन्या आयपीसीसी या मधल्या टप्प्याच्या परीक्षेत कायदा, नीतिशास्त्र आणि संवाद मिळून शंभर गुणांचा एक पेपर होता, त्यात संवादाला २० गुण. २०१७च्या रचनेत व्यावसायिक पत्रव्यवहार व अहवाललेखन फाउंडेशनला, म्हणजे प्रवेशाच्या पहिल्या परीक्षेला, गेले आणि त्याला ४० गुण मिळाले. २०२३पासून लागू झालेल्या रचनेत फाउंडेशनच्या चार पेपरांत ते उरलेच नाही. संवाद गुणपत्रिकेतून गेला आणि हजेरीपटात राहिला. जे गुणांत नाही ते विद्यार्थी मनापासून करत नाहीत, हे पुण्यातल्या कुठल्याही क्लासवाल्याला ठाऊक आहे. त्याच रचनेत आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. प्रत्यक्ष शिकण्याचा काळही तेवढा आखडला.

विचारणे

आर्टिकल म्हणून रुजू झालेला वीस-एकवीस वर्षांचा मुलगा पहिल्या आठवड्यातच अशिलाच्या कचेरीत बसतो. समोर तीस वर्षे तिथेच नोकरी केलेले हिशेबनीस. त्यांच्याकडून व्हाउचर, पासबुक, करार, स्टॉकची यादी मागून घ्यायची असते आणि ती देण्याची त्यांना घाई नसते. ‘मालक आल्यावर बघू, बाळा’ हे वाक्य या शहरातल्या प्रत्येक आर्टिकलने ऐकलेले आहे. रागावून उपयोग नसतो आणि गप्प बसूनही भागत नाही. संध्याकाळी प्रिन्सिपल, म्हणजे ज्यांच्या हाताखाली तो शिकतो ते सीए, विचारतातच, ‘किती क्वेऱ्या निघाल्या?’

इथे प्रश्नाची बांधणी महत्त्वाची ठरते. ‘हे बिल कुठंय?’ असे विचारले की समोरच्याला आरोप ऐकू येतो. ‘काका, ऑगस्टच्या फाइलमध्ये मला हे बिल सापडलं नाही, तुम्ही दाखवता का?’ यात शोधण्याची चूक आपल्याकडे घेतलेली असते आणि मागणी जागेवरच असते. ‘काका’ आणि ‘साहेब’ यांतली निवडही सोपी नाही. रविवार पेठेतल्या दुकानात ‘काका’ चालते, हिंजवडीतल्या कंपनीच्या वित्त विभागात ते विचित्र वाटते, तिथे पहिल्या नावाने हाक मारायची पद्धत आहे. सहकारी बँकेत ‘साहेब’ किंवा ‘मॅडम’ म्हटल्याशिवाय कपाट उघडत नाही. हे कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेले नसते. सीनियरच्या मागे मागे फिरूनच ते कळते.

गोड बोलण्याला एक मर्यादा मात्र आहे, आणि ती व्यवसायानेच घालून दिली आहे. लेखापरीक्षणाच्या मानक ५०० प्रमाणे नुसती विचारपूस हा सहसा पुरेसा पुरावा ठरत नाही. हिशेबनीस काकांनी प्रेमाने समजावून सांगितले आणि चहा पाजला, तरी कागद पाहावाच लागतो. नवखा आर्टिकल इथे हमखास फसतो. माणूस चांगला आहे म्हणून नोंद बरोबर आहे, असे तो धरून चालतो. मानक ५०५ मधला बाह्य दुजोरा याच कारणासाठी आहे. येणेकऱ्यांना आणि बँकांना बाकी कळवणारी पत्रे जातात, आणि उत्तर अशिलाच्या हाती न येता थेट लेखापरीक्षकाकडे यावे अशी व्यवस्था करावी लागते. ‘पत्रं आम्हीच पाठवतो, उत्तरंही आम्हीच आणून देतो, तुम्ही कशाला त्रास घेता?’ या आपुलकीला नकार कसा द्यावा, हा पंधरा दिवसांच्या वर्गातला सर्वांत उपयोगी धडा ठरला असता. मुलाखतीच्या सरावाइतका वेळ त्याला मिळत नाही.

भाषेची उलटी अडचण

संवाद-प्रशिक्षण म्हणजे इंग्रजी सुधारणे, अशी पुण्यात सर्वसाधारण समजूत आहे. डेक्कन आणि सदाशिव पेठेतल्या इंग्रजी संभाषणाच्या क्लासांना विद्यार्थी मिळतात ते याच समजुतीमुळे. गरज खरी आहे. सीएची परीक्षा इंग्रजीतून किंवा हिंदीतून देता येते, मराठीतून नाही, आणि मराठी माध्यमातून बारावी झालेल्या मुलाला पहिले वर्ष शब्दांशी झगडण्यातच जाते.

कामावर गेल्यावर मात्र अडचण उलट्या बाजूने येते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली येणाऱ्या पतसंस्था, गृहनिर्माण संस्था, सहकारी बँका हे पुण्यातल्या लहान-मध्यम फर्मचे नेहमीचे काम. तिथली दप्तरे मराठीत असतात. बीएमसीसीत किंवा गरवारे कॉमर्समध्ये इंग्रजीतून शिकलेल्या मुलीला ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या बाकींचा जुळणीतक्ता) स्वप्नातही जुळवता येतो, पण पतसंस्थेतले कारकून त्यालाच तेरीज म्हणतात, ते ‘तेरीज काढून ठेवलीय’ म्हणाले की ती क्षणभर थांबते. कीर्द, खतावणी, घसारा, तरतूद, अनामत, उचल, संशयित व बुडीत कर्ज निधी हे सगळे शब्द तिला नव्याने शिकावे लागतात. संस्थेला लेखापरीक्षणात ‘अ’ वर्ग मिळाला की ‘ब’, यावरून संचालकांच्या सभेत वादळ होते आणि ते वादळ मराठीतच होते. कलम ८१ प्रमाणे लेखापरीक्षण झाल्यावर अहवालातल्या दोषांची दुरुस्ती संस्थेने कलम ८२ प्रमाणे कळवायची असते. त्या दोषदुरुस्तीच्या अहवालातली, म्हणजे ‘ओ’ नमुन्यातली, वाक्ये सुधारून द्यायला अध्यक्ष हक्काने आर्टिकललाच बसवतात.

गृहनिर्माण संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. त्या महिन्यात कोथरूड-वारज्यातल्या चिटणीसांचे फोन फर्ममध्ये सुरू होतात. सिंकिंग फंडाची, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवलेल्या निधीची, रक्कम ताळेबंदात एका बाजूला आणि ठेवीची पावती दुसऱ्या बाजूला का दिसते, हे निवृत्त अभियंता असलेल्या सभासदाला फोनवर समजावणे, हा संवादकौशल्याचा कसोटीचा प्रसंग म्हणायला हरकत नाही. तांत्रिक शब्द एकही न वापरता आणि समोरच्याला अडाणी न ठरवता हे सांगायचे असते. (निवृत्त अभियंता बहुधा स्वतःचा तक्ता करून आलेला असतो, आणि कधी कधी तो तक्ता बरोबर असतो.) मराठीतून हिशेब समजावण्याचा सराव देणारे सत्र सक्तीच्या अभ्यासक्रमाच्या आराखड्यात नाही.

लिहिणे

बोलण्यापेक्षा लिहिण्यात विद्यार्थी जास्त अडखळतात, कारण लेखापरीक्षकाला बहुतेक वेळा नावडते तेच लिहायचे असते. अंतर्गत नियंत्रणातल्या महत्त्वाच्या उणिवा व्यवस्थापनाच्या वरच्या मंडळींना लेखी कळवाव्यात, असे मानक २६५ सांगते. त्यांच्याशी एकूण कशाविषयी बोलावे हे मानक २६० मध्ये आहे. नवख्याचा पहिला मसुदा दोनपैकी एका टोकाला जातो. एक तर ‘रोख रकमेची मोजणी समाधानकारक आढळली नाही’ असे धुके, नाही तर ‘कॅशियरने निष्काळजीपणा केला’ असा निवाडा. चांगला सीनियर दोन्ही खोडतो आणि तिसरे लिहायला लावतो. कोणत्या तारखेला मोजणी केली, पुस्तकातली शिल्लक किती, प्रत्यक्ष किती, फरकाचा खुलासा कोणी काय दिला. माणसावर विशेषण नाही आणि आकड्यावर पांघरूणही नाही. खाली व्यवस्थापनाच्या उत्तरासाठी जागा सोडायची. अशा तीन-चार खाडाखोडींत जे शिकायला मिळते त्याची बरोबरी ई-मेलच्या नमुन्यांचे पुस्तक करू शकत नाही.

आंतरराष्ट्रीय पातळीवरही हा विषय वेगळा काढलेला आहे. लेखाव्यावसायिकांच्या शिक्षणाच्या तिसऱ्या आंतरराष्ट्रीय मानकात बौद्धिक, परस्परसंबंध व संवादाची, वैयक्तिक आणि संघटनात्मक अशी कौशल्यांची चार गटांत विभागणी आहे.

व्यासपीठ

वक्तृत्वाचे पुण्याला जुने वेड आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला वक्तृत्वोत्तेजक सभा आजही चालवते, आणि पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेसाठी कॉमर्सची मुलेही रात्र रात्र तालमी करतात. ‘विकासा’ ही इन्स्टिट्यूटची विद्यार्थी संघटना वक्तृत्व, प्रश्नमंजूषा, विद्यार्थी परिषदा भरवते. करंडकाच्या तालमीतून आलेला आर्टिकल सभेत घाबरत नाही, एवढा फायदा नक्की होतो. पण टाळ्या घेणाऱ्या बोलण्याची सवय व्हाउचिंगला, म्हणजे व्हाउचर तपासायला, बसल्यावर कधी कधी आड येते. तिथे समोरच्याला बोलू देऊन आपण ऐकत राहायचे असते.

न बोलणे

अशिलाची माहिती त्याच्या संमतीशिवाय, किंवा कायद्याने भाग पाडल्याशिवाय, उघड करणे हे १९४९च्या सनदी लेखापाल कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टानुसार व्यावसायिक गैरवर्तन आहे. हा नियम ओरिएंटेशनमध्ये सांगितला जातो आणि टिळक रोडवरच्या चहाच्या टपरीवर विसरला जातो. कोणत्या बिल्डरच्या कर्जाचे काय झाले, कुठल्या कंपनीत पगारवाढ किती, हे पीएमपीच्या बसमध्ये मोठ्याने बोलणारे आर्टिकल काही दुर्मीळ नाहीत. मालाच्या मोजणीसाठी ज्या गोदामात गेलो त्याचा फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर टाकणे ही याच चुकीची नवी आवृत्ती.

याची परीक्षा शेवटी कॅम्पस मुलाखतीत होते. इन्स्टिट्यूटच्या कॅम्पस भरतीचे पुणे हे एक मोठे केंद्र आहे आणि नव्या सीएंना त्याआधी ओरिएंटेशनला बसवतात. ‘आर्टिकलशिपमध्ये काय केलंत?’ हा प्रश्न ठरलेला असतो. उमेदवार उत्साहाने अशिलाचे नाव घेतो, त्याच्या पुस्तकांत सापडलेली चूक रकमेसह सांगतो, आणि समोरचे मुलाखतकार मान हलवत ऐकून घेतात. दुसरा म्हणतो, ‘वाहनांचे सुटे भाग करणारी एक मध्यम कंपनी होती, तिथे मालसाठ्याच्या मूल्यांकनात फरक निघाला,’ आणि मग तो फरक कसा शोधला, कुणाला कसा सांगितला, एवढेच बोलतो.