स्क्रीनवरचा ५०० कोडला का कळत नाही?

मागे एका वेब ॲपमध्ये रकमेचा कॉलम मराठीत दाखवायचा होता. जावास्क्रिप्ट या ब्राउझरमधल्या प्रोग्रॅमिंग भाषेत संख्या मांडून दाखवणारं इंटल नंबरफॉरमॅट असतं, त्याला मराठी लोकेल (म्हणजे भाषा-प्रदेशाची सेटिंग) दिलं आणि बारा लाखांची रक्कम १२,३४,५६७ अशी आली, स्वल्पविराम लाखाच्या जागी आणि आकडे चक्क देवनागरी! हिंदी लोकेल देऊन बघितलं तर स्वल्पविराम तसेच पण आकडे इंग्रजी. ब्राउझर हे सगळं सीएलडीआर नावाच्या साठ्यातून घेतो, प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारे युनिकोडवाले तो सांभाळतात, आणि तिथे मराठीचे डिफॉल्ट आकडे देवनागरी धरलेत. मला तर जाम आनंद झाला होता.

मग बेरीज करायला गेलो. स्क्रीनवरचं टेक्स्ट उचललं, स्वल्पविराम काढले, टेक्स्टची संख्या करणाऱ्या नंबर फंक्शनमध्ये टाकलं आणि उत्तर आलं नॅन, म्हणजे हा आकडाच नाही. कारण देवनागरी ५ आणि इंग्रजी पाच ही युनिकोडमध्ये दोन वेगळी अक्षरं आहेत आणि जावास्क्रिप्टला आकडा म्हणून फक्त इंग्रजी कळतं (पायथॉन या दुसऱ्या भाषेतलं इंट फंक्शन मात्र देवनागरी आकडे बिनतक्रार वाचतं). म्हणून बेरीज नेहमी मूळ संख्येवर करायची, फॉरमॅट फक्त दाखवताना, अगदी शेवटी.

पण कोणी मराठी कीबोर्डवरून ५०० टाइप केलं तर? रेगेक्समधला, म्हणजे टेक्स्टचा नमुना तपासायच्या सूत्रातला, आकड्यांचा शॉर्टकटही जावास्क्रिप्टमध्ये इंग्रजीच ओळखतो, त्यामुळे फॉर्म म्हणतो रक्कम चुकीची, आणि टाइप करणाऱ्याची काहीच चूक नसते! उपाय एका ओळीचा आहे, ० चा युनिकोड क्रमांक २४०६ आणि ९ चा २४१५, तर प्रत्येक आकड्याच्या क्रमांकातून २४०६ वजा करा की साधा अंक हातात. एवढं तरी करायलाच हवं.

तारखांचं दुखणं वेगळं. ०४/०३/२०२५ म्हणजे आपल्याला ४ मार्च, अमेरिकेत ३ एप्रिल, आणि अशी तारीख टेक्स्ट म्हणून इंग्रजी आकड्यात दिली तर जावास्क्रिप्टही एप्रिलच धरतं. म्हणून साठवताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. तरी एक गोम राहतेच, २०२५-०८-१५ एवढंच दिलं तर ती यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळेची) मध्यरात्र धरली जाते, पुण्यात तेव्हा १५ तारखेचे पहाटेचे साडेपाच झालेले असतात पण न्यू जर्सीत अजून १४ तारखेची रात्रच असते, म्हणजे तिकडे बसलेल्या भाचीला आजीचा वाढदिवस एक दिवस आधीच दिसणार. जन्मतारखेला वेळ नसतेच, तेव्हा ती दाखवताना टाइमझोन यूटीसीच द्या.