सी-जुन-झी तांग : चार सज्जनांचा काढा

सी-जुन-झी तांग हा चिनी पारंपरिक वैद्यकातील एक मूलभूत काढा आहे. पचनशक्ती मंदावणे, अन्नावरची वासना उडणे, पोट फुगणे, शौचास पातळ होणे आणि या साऱ्यांबरोबर दीर्घकाळ रेंगाळणारा थकवा यांसाठी तो दिला जातो. ‘सी’ म्हणजे चार, ‘तांग’ म्हणजे काढा आणि ‘जुन-झी’ म्हणजे कन्फ्यूशियसच्या विचारपरंपरेत आदर्श मानलेला सुशील, समतोल वृत्तीचा पुरुष. जिनसेंग, बाय-जू, फू-लिंग आणि मधात परतलेले ज्येष्ठमध ही यातील चार द्रव्ये असून त्यांतील एकही तीव्र, दाहक किंवा जोरकस रेचक नाही, या सौम्यपणामुळेच त्यांना हे नाव मिळाले. चिनी चित्रकलेतही ‘चार सज्जन’ आहेत, परंतु ते प्लम, ऑर्किड, बांबू आणि शेवंती होत. त्यांचा या काढ्याशी संबंध नाही.

ज्या विकारासाठी हा काढा आहे, त्याला चिनी वैद्य ‘पी’ची ‘छी’ क्षीण होणे असे म्हणतात. ‘पी’ या शब्दाचे भाषांतर प्लीहा असे केले जाते, पण शरीररचनाशास्त्रातील प्लीहा डोळ्यांपुढे आणल्यास पुढचे सर्व विवेचन दुर्बोध होते. या वैद्यकात ‘पी’ हे एका कार्याचे नाव आहे : खाल्लेल्या अन्नातून सार काढणे, ते शरीरभर पोहोचवणे आणि शरीरातील पाण्याची योग्य ने-आण करणे. ‘छी’ म्हणजे ते कार्य चालवणारी जीवनशक्ती. ही शक्ती अन्नापासूनच निर्माण होते आणि अन्न पचवण्यासाठीही तीच लागते, त्यामुळे एकदा पचन खालावले की दुबळेपणा आणि अपचन एकमेकांना वाढवत जातात. आयुर्वेदातील अग्निमांद्याची कल्पना मराठी वाचकाला येथे आठवणे स्वाभाविक आहे आणि दोहोंत जवळीकही आहे; मात्र आयुर्वेदात विचाराचा केंद्रबिंदू अग्नी आहे, तर चिनी वैद्यकात वाहतूक आणि ओलावा यांवर अधिक भर आहे. ‘पी’ला ओलावा मानवत नाही, हे सूत्र तेथे फार जुने असून या काढ्याची सारी रचना त्यावर उभी आहे.

हा काढा कोणाला द्यावा, याचे वर्णन मिंग काळातील वैद्य वू खुन यांनी १५८४ च्या आपल्या ग्रंथात नेमकेपणाने केले आहे. चिनी वैद्यकातील परीक्षेचे चार प्रकार घेऊन त्यांनी प्रत्येकाला एकेक खूण जोडली : पाहिल्यावर चेहरा निस्तेज व पांढुरका दिसतो, ऐकल्यावर आवाज क्षीण वाटतो, विचारल्यावर हातापायांत बळ नसल्याचे कळते आणि नाडी धरल्यावर ती दुबळी लागते. या चार खुणांत आजचे वैद्य फिकट जीभ व तिच्यावरील पातळ पांढरा थर यांची भर घालतात. पुढच्या काळात पाठ्यपुस्तकांनी अशी लक्षणे यादीच्या रूपाने दिली, पण वू खुन यांच्या मांडणीत रोगी समोर बसलेला दिसतो, आणि म्हणूनच ती आजही शिकवली जाते.

काढ्याची प्रसिद्धी सुंग वंशाच्या सरकारी औषधालयांशी निगडित आहे. सुंग दरबारातील मंत्री वांग आनशी यांच्या राजकीय-आर्थिक सुधारणांच्या काळात, १०७६ मध्ये, राजधानी खायफंग येथे तयार औषधे विकणारे सरकारी दुकान सुरू झाले. औषधांचा व्यापार राज्याच्या हाती घेणे, भेसळ रोखणे आणि परवडणाऱ्या दरात औषध मिळवून देणे अशी या व्यवस्थेमागची भूमिका होती. दुकानांत कोणती औषधे कशी बनवायची हे ठरवण्यासाठी एक योगसंग्रह तयार झाला. १११० च्या आसपास तो तपासून नव्याने मांडला गेला आणि ११५१ नंतर, राजधानी दक्षिणेकडे हलल्यावर, ‘थाय-फिंग हुई-मिन ह-जी जु-फांग’ या नावाने रूढ झाला. शांततेच्या काळात जनतेला लाभ देणाऱ्या औषधालयाचे योग, असा त्या लांबलचक नावाचा आशय आहे. सी-जुन-झी तांग याच संग्रहात आढळतो. आज ज्याला काढा म्हणतात, तो येथे प्रत्यक्षात चूर्णाच्या रूपात आहे : चारही द्रव्ये समभाग घेऊन बारीक कुटावीत, एका वेळी दोन छिएन म्हणजे त्या काळच्या मापाने सुमारे ८ ग्रॅम चूर्ण एक वाटी पाण्यात टाकून ते सात दशांश उरेपर्यंत उकळावे, चिमूटभर मीठ घालावे आणि कोणत्याही वेळी घ्यावे, नुसत्या गरम पाण्यात ढवळून घेतले तरी चालेल. बारीक चूर्ण उकळल्याने थोड्या औषधात काम भागते. मोठ्या लोकसंख्येला औषध पुरवणाऱ्या सरकारी दुकानाच्या दृष्टीने हा काटकसरीचा विचार मोलाचा होता.

या संग्रहावर पुढे टीकाही झाली. रोग्याची नाडी न पाहता, केवळ पुस्तकातील लक्षणे जुळवून तयार औषध घेण्याची सवय लोकांना लागली, असा आक्षेप युआन काळातील झू झेनहेंग (१२८१–१३५८) यांनी घेतला. त्यांचा रोख मुख्यतः सुगंधी, उष्ण, शरीर कोरडे करणाऱ्या योगांवर होता. चार सज्जनांचा काढा या टीकेतून सुखरूप राहिला. इतकेच नव्हे, तर झू यांच्या उपचारपद्धतीचे सार सांगताना मिंग काळातील वैद्य वांग लुन यांनी छीच्या विकारांसाठी सी-जुन-झी, रक्ताच्या विकारांसाठी सी-वू आणि कफासाठी अर-छन अशी तीन काढ्यांची त्रयीच मांडली.

चार द्रव्यांपैकी जिनसेंग, चिनी भाषेत रन-शन, हे प्रमुख मानले जाते. चिनी योगशास्त्रात द्रव्यांना राजा, मंत्री, सहायक आणि दूत अशा पदव्या असतात. येथे राजपद जिनसेंगचे, कारण छी भरून काढण्याचे काम तेच करते. पॅनॅक्स जिनसेंग या वनस्पतीचे ते मूळ असून आज ईशान्य चीनमधील छांगबाय पर्वताचा परिसर, विशेषतः जिलिन प्रांत, त्याच्या लागवडीसाठी प्रसिद्ध आहे. सुंग काळात मात्र उत्तम जिनसेंग शान्सी प्रांतातील शांगदांग भागातून येई. तेथील जिनसेंग अतिरिक्त उपशामुळे आणि जंगलतोडीमुळे संपुष्टात आले. आणि त्याच भूभागाचे नाव धारण करणारी दांग-शन ही अगदी वेगळ्या कुळातील वनस्पती पुढे त्याच्या जागी आली. तिची औषधी द्रव्य म्हणून स्वतंत्र नोंद १८व्या शतकात होते. आज रोजच्या वापरात बहुतेक ठिकाणी दांग-शनच घातले जाते, कारण ते स्वस्त आहे आणि अधिक सौम्यही. केवळ त्याचे प्रमाण वाढवावे लागते. जुना काढा आणि आजचा काढा यांत नावाचे सातत्य असले, तरी त्याच्या राजाची जागा अशी बदललेली आहे, ही बाब चिनी औषधांविषयी लिहिताना अनेकदा सुटून जाते.

बाय-जू हा मंत्री. सूर्यफुलाच्या कुळातील ॲट्रॅक्टायलोडीस मॅक्रोसेफाला या वनस्पतीचे हे गाठदार भूमिगत खोड चजियांग प्रांतात उत्तम येते, आणि हांगचौजवळच्या यू-छिएन भागातील बाय-जूची ख्याती मोठी आहे. वापरण्यापूर्वी ते बऱ्याचदा गव्हाच्या कोंड्यात परततात, त्यामुळे त्याचा उग्रपणा कमी होतो. ते पीला बळ देते आणि साठलेला ओलावा सुकवते. ज्येष्ठमध, म्हणजे गान-त्साओ, हा दूत : बाकीच्यांना एकत्र बांधणारा, गोडीने त्यांचे कार्य मऊ करणारा. काढ्यासाठी ते मधात परतून घेतात. आपल्याकडे खोकल्यासाठी चघळले जाणारे ज्येष्ठमध ग्लिसिऱ्हायझा ग्लॅब्रा या जातीचे असते. चिनी औषधकोश याच कुळातील तीन जाती मान्य करतो आणि ग्लॅब्रा त्यांपैकी एक आहे, परंतु इनर मंगोलिया, गान्सू आणि निंगश्या या कोरड्या प्रदेशांतील उरालेन्सिस ही जात तेथे अधिक प्रचलित आहे.

फू-लिंग या चौथ्या द्रव्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते, पण काढ्याचे मर्म त्यातच आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ही एक बुरशी असून पाइन वृक्षांच्या मुळांवर जमिनीखाली तिचे मोठे गोळे वाढतात. वरची काळसर साल काढली की आत पांढरा, खडूसारखा गर मिळतो. युनानमधील फू-लिंग नावाजलेले आहे, आणि आन्हुई व हुबेई यांच्या सीमेवरील दाब्ये पर्वतात त्याची मोठ्या प्रमाणावर लागवड होते. त्याला जवळजवळ चव नसते. बीजिंगमध्ये त्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पातळ गोड पापड्या ही पर्यटक घरी नेतात अशी वस्तू झाली आहे. औषध म्हणून फू-लिंगचे काम ओलावा लघवीवाटे खाली उतरवण्याचे आहे. दुबळ्या माणसाला नुसतेच पौष्टिक दिले तर ते त्याला पचत नाही, उलट पोट जड होते, हा अनुभव कोणत्याही घरात आजारपणानंतर येतो. जिनसेंग आणि ज्येष्ठमध साठवतात. फू-लिंग वाट मोकळी करते. भरण्याबरोबरच रिकामे करण्याची ही योजना नसती, तर चार सज्जनांचा काढा हा केवळ एक गोड, जड टॉनिक ठरला असता.

हा फरक एका जुन्या औषधाशी तुलना केल्यावर स्पष्ट होतो. पूर्वेकडील हान वंशाच्या अखेरीस, इसवी सनाच्या २०० च्या आसपास, चांग चुंगचिंग यांनी दिलेल्या ली-चुंग गोळीत जिनसेंग, बाय-जू, ज्येष्ठमध आणि सुंठ आहे. सुंठ काढून तिच्या जागी फू-लिंग ठेवले की सी-जुन-झी तांग तयार होतो. एकाच द्रव्याच्या बदलाने औषधाचा रोख पालटतो : पहिले पोटातल्या थंडीवर आहे, दुसरे दुबळेपणावर. पोट गार पडून दुखते, गरम पाण्याने बरे वाटते, तेथे सुंठ हवी. नुसता निरुत्साह आणि मंद भूक असेल, तेथे ती अनावश्यक उष्णता ठरते.

या काढ्यातून पुढे मोठी वंशावळ निघाली. त्यात संत्रावर्गीय फळांची जुनी वाळवलेली साल, छन-पी, घातली की यी-गुंग चूर्ण होते. मुलांच्या वैद्यकातील थोर वैद्य छिएन यी यांचा हा योग १११९ च्या ग्रंथात आला आहे. छन-पीबरोबर बान-श्या हा मळमळ शमवणारा कंद घातला की सहा सज्जनांचा काढा, ल्यू-जुन-झी तांग, आणि त्यात आणखी दोन सुगंधी द्रव्ये मिळवली की श्यांग-शा ल्यू-जुन-झी तांग. मळमळ, आंबट ढेकर, पोट गच्च होणे ही लक्षणे जितकी अधिक, तितके या यादीत पुढे जायचे. रक्तवर्धक मानल्या गेलेल्या सी-वू तांगशी जोड दिली की आठ रत्नांचा काढा, बा-जन तांग, बनतो.

लि गाओ (११८०–१२५१) यांचा बू-चुंग यी-छी तांग हा याच कुळातला, पण स्वतंत्र प्रतिभेचा योग आहे. १२३२ मध्ये मंगोल सैन्याने खायफंगला वेढा घातला तेव्हा आणि त्यानंतर शहरात प्रचंड संख्येने माणसे आजारी पडून मेली. त्यांतील अनेकांचा ताप बाहेरून शिरलेल्या रोगाचा नसून उपासमार, श्रम आणि धास्ती यांनी आतून पचन मोडल्याचा होता, आणि घाम आणणाऱ्या वा जुलाब करणाऱ्या औषधांनी त्यांची हानी झाली, असे लि गाओ यांनी पुढे लिहिले. त्यांच्या काढ्यात जिनसेंग, बाय-जू आणि ज्येष्ठमध राहिले, हुआंग-छी हे शक्तिवर्धक मूळ मुख्य झाले, खाली ओघळलेली शक्ती वर उचलणारी द्रव्ये आली आणि फू-लिंग वगळले गेले. वर उचलायचे असताना खाली उतरवणारे द्रव्य नको, असे त्याचे कारण नंतरच्या टीकाकारांनी दिले आहे.

जपानमध्ये हेच योग कांपो या चिनी मुळाच्या जपानी वैद्यकात शिरले. तेथील शिकुन्शितो या चार सज्जनांच्या काढ्यात आले आणि चिनी बोर यांचीही भर असते. १९७६ पासून कांपो अर्क मोठ्या संख्येने राष्ट्रीय आरोग्य विम्यात समाविष्ट झाले, त्यामुळे सहा सज्जनांचा रिक्कुन्शितो तेथील आधुनिक डॉक्टरही लिहून देतात, आणि या कुळातील सर्वांत काटेकोर संशोधन त्याच्यावरच झाले आहे. भूक वाढवणाऱ्या घ्रेलिन या संप्रेरकाच्या स्रावावर त्याचा परिणाम होतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले. त्यामागे छन-पीतील फ्लॅव्होनॉइडांचा मोठा वाटा मानला जातो. कोणताही शारीरिक दोष न सापडणाऱ्या अपचनावर जपानमध्ये दुहेरी अंध पद्धतीने, म्हणजे खरे औषध कोणाला दिले हे रोगी व डॉक्टर दोघांनाही ठाऊक नसताना, घेतलेली चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिचा निष्कर्ष औषधाला अनुकूल होता. हा पुरावा सहा सज्जनांचा आहे, चारांचा नव्हे. सी-जुन-झी तांगवरच्या चिनी चाचण्या बऱ्याचदा लहान, अल्प मुदतीच्या आणि रोग्याला औषध ठाऊक असलेल्या अशा आहेत. जिनसेंगमधील जिन्सेनोसाइडे हे प्रमुख घटक आतड्यातील जीवाणू मोडतात आणि मगच त्यांतील काही रूपे रक्तात शोषली जातात, हे मात्र सिद्ध आहे. म्हणजे पचनासाठी घेतलेले हे औषध स्वतःच आतड्याच्या स्थितीवर अवलंबून असते.

आजच्या पद्धतीत जिनसेंग, बाय-जू आणि फू-लिंग प्रत्येकी ९ ग्रॅम आणि ज्येष्ठमध ६ ग्रॅम असे दिवसाचे प्रमाण सर्वसाधारणपणे दिले जाते. औषध अर्धा तास पाण्यात भिजवून मातीच्या भांड्यात मंद आचेवर दोनदा उकळतात, दोन्ही काढे एकत्र करून दोन भागांत कोमट पितात. लोखंडी भांडे टाळतात. गोळ्या आणि विरघळणारे दाणेही मिळतात. तीव्र ताप असताना, तसेच तोंड कोरडे पडणे, तळहात तापणे, बद्धकोष्ठ अशी शोषाची चिन्हे असताना चिनी वैद्य हा काढा वर्ज्य मानतात.

सौम्य म्हणून तो निर्धोक ठरत नाही. ज्येष्ठमधातील ग्लिसिऱ्हायझिन दीर्घकाळ पोटात गेल्यास शरीरात मीठ व पाणी साठते, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम घटते. हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार किंवा मूत्रल औषधे चालू असलेल्यांना हा धोका अधिक. जिनसेंगमुळे वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम कमी होऊ शकतो, आणि मधुमेहाच्या औषधांबरोबर साखर अधिक उतरू शकते. वजन घटत जाणे, शौचातून रक्त जाणे, गिळताना अडकणे किंवा रक्तक्षयासह येणारा थकवा यांना पीचा दुबळेपणा समजून काढा चालू ठेवल्यास जठराचा किंवा आतड्याचा गंभीर रोग मागे दडून राहू शकतो, म्हणून चीनमधील रुग्णालयांतही अशा रोग्याची आधी दुर्बिणीने तपासणी करतात आणि मगच काढ्याचा विचार होतो.